पहिल्यांदाच होमस्टे बुक करताय? ॲडव्हान्स पाठवण्याआधी हे वाचा

रात्री साडेअकराला मित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी एक रील टाकतं. कौलारू घर, अंगणात झोपाळा, माडांच्या मागे समुद्र. खाली लिहिलेलं असतं, 'तारकर्ली, माणशी फक्त १,२०० रुपये, राहणं-जेवण सगळं त्यातच'. पाच मिनिटांत सात जण 'डन' म्हणतात. दिलेल्या नंबरवर व्हॉट्सॲप केलं की लगेच उत्तर येतं, "सर, त्या तारखेला एकच रूम शिल्लक आहे. निम्मे ॲडव्हान्स टाका, लगेच लॉक करतो."

इथून पुढे तीन गोष्टी होऊ शकतात. एक, घर खरंच तसं असतं आणि ट्रिप झकास होते. दोन, घर असतं, पण रीलमध्ये दिसलेला समुद्र तिथून दोन किलोमीटरवर असतो आणि आठ जणांत बाथरूम एकच निघते. तीन, घर कुठेतरी असतं, पण ज्याने पैसे घेतले त्याचा त्या घराशी काहीच संबंध नसतो.

यातली कोणती गोष्ट आपल्या वाट्याला येणार, हे बहुतेक वेळा पैसे पाठवण्याआधीच्या पंधरा-वीस मिनिटांत ठरतं.

होमस्टे म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे ही कल्पना नवीन नाही. त्र्यंबकेश्वरला गुरुजींकडे, पंढरपुरात ओळखीच्या घरी 'उतरणं' ही कित्येक पिढ्यांची पद्धत आहे. कोकणात तर 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशा पाट्या ॲप येण्याच्या आधीपासून आहेत. २००८ मध्ये अमेरिकेत एअरबीएनबी सुरू झालं आणि या जुन्या पद्धतीला फोटो, रेटिंग आणि ऑनलाइन पेमेंट जोडलं गेलं.

आज 'होमस्टे' या एकाच शब्दाखाली बरंच काही विकलं जातं. मालक वरच्या मजल्यावर राहतात आणि खालच्या दोन खोल्या देतात, तो होमस्टे. आसगाव-शिवोलीतला केअरटेकर असलेला अख्खा व्हिला, तोही होमस्टे. मुंबईतल्या सोसायटीतला रिकामा फ्लॅटसुद्धा त्याच नावाने मिळतो. म्हणून पहिला प्रश्न भाड्याचा नको. पूर्ण घर आपलं की फक्त खोली? बाथरूम स्वतंत्र की सामाईक? स्वयंपाकघर वापरता येईल का? मालक तिथेच राहतात का? एवढं कळलं की निम्मे गैरसमज तिथेच संपतात.

हॉटेलात रिसेप्शन असतं. खोली आवडली नाही तर दुसरी मागता येते. घरात दुसरी खोली नसते आणि रात्री दोनला लाइट गेले तर फोन उचलणारी व्यक्ती एकच असते. त्यामुळे हॉटेलात जे पोचल्यावर विचारलं तरी चालतं, ते इथे आधी विचारावं लागतं.

ॲपवरून की थेट फोनवरून?

खरं सांगायचं तर कोकणातली बरीच चांगली घरं कुठल्याच ॲपवर नाहीत. मालवण, दिवेआगर, हरिहरेश्वर, गुहागर या भागांत आजही बुकिंग फोनवर होतं आणि पाहुणे ओळखीतून येतात. त्यामुळे 'ॲपवर नाही म्हणजे खोटं' असं मानायचं कारण नाही.

पण दोन्ही मार्गांत एक फरक आहे. ॲपवरून बुकिंग केलं की पैसे, तारखा, घराचं वर्णन आणि तुमचं मालकाशी झालेलं बोलणं, सगळं एका जागी राहतं. काही बिघडलं तर मध्ये तिसरं कुणीतरी असतं. एअरबीएनबीवर घरात मोठी अडचण निघाली, म्हणजे वर्णनात असलेली सोयच नाही किंवा घराचं दारच उघडत नाही, तर ती लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवावी लागते. त्यानंतर दुसरी सोय किंवा परतावा मिळू शकतो.

म्हणूनच ॲपवर घर सापडल्यावर समोरून "ॲपवरून नका करू, थेट पाठवा, दोन हजार कमी करतो" असं आलं तर सावध व्हायचं. दोन हजारांचा मोह खरा आहे आणि कधीकधी मालकही खरा असतो, त्याला फक्त कमिशन वाचवायचं असतं. पण पैसे बाहेरून गेले की ॲपच्या लेखी तुमचं बुकिंग झालेलंच नाही. तक्रार करायलाही जागा उरत नाही. एअरबीएनबीच्या नियमांत असे बाहेरचे व्यवहार चालत नाहीत.

थेट बुकिंगमध्ये तिसरं कुणी नसतं, म्हणून पुरावा आपणच तयार करायचा. फोनवर बोलणं झालं की लगेच एक मेसेज टाकायचा: "नमस्कार दादा, आत्ता बोलल्याप्रमाणे १२ ते १४ तारीख, दोन रात्री, ६ मोठे आणि २ लहान, दोन एसी खोल्या, प्रत्येकीला स्वतंत्र बाथरूम, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण धरून एकूण १८,००० रुपये. ॲडव्हान्स ५,०००, बाकी पोचल्यावर. आठ दिवस आधी रद्द केलं तर ॲडव्हान्स परत. बरोबर ना?" समोरून फक्त 'हो' आलं तरी पुरे. नंतर "वहिनींनी दुसरा रेट सांगितला होता" असा गोंधळ होत नाही.

फसवणूक कशी होते?

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरू आणि पर्यटकांसाठी इशारा दिला होता. खोट्या वेबसाइट, फेसबुक पेज, व्हॉट्सॲप खाती आणि गुगलवरच्या पैसे देऊन केलेल्या जाहिराती यांतून राहण्याच्या आणि प्रवासाच्या बुकिंगच्या नावाखाली लोकांना फसवलं जातंय, असं त्यात म्हटलं होतं.

पद्धत साधारण ठरलेली असते. एखाद्या चालत्या होमस्टेचे फोटो उचलायचे. नावात एखादं अक्षर बदलून पेज काढायचं आणि त्यावर स्वतःचा नंबर टाकायचा. दर बाजारभावापेक्षा थोडा कमी ठेवायचा. फार कमी ठेवला तर लोकांना शंका येते, म्हणून थोडाच. मग लाँग वीकेंडच्या आधी जाहिरात चालवायची. समोरचा माणूस बोलायला अगदी गोड असतो, घाई मात्र जबरदस्त असते: "अजून दोन पार्ट्या लाइनमध्ये आहेत सर."

ॲडव्हान्स गेल्यावर खरा खेळ सुरू होतो. "बिल जनरेट होत नाहीये, जीएसटीचे ३,००० टाका, पाच मिनिटांत परत येतील." ते टाकले की "सिस्टीममध्ये रक्कम जुळत नाही, पुन्हा एकदा टाका." जीएसटी हा भरून परत मिळणारा डिपॉझिट नाही, हे एवढं लक्षात ठेवलं तरी बरेच पैसे वाचतील. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. ज्यांना तो लागू आहे, ते बिलातच घेतात. शेवटी 'रिफंड'साठी क्यूआर कोड येतो आणि यूपीआय पिन टाकायला सांगतात. पिन हा पैसे देण्यासाठी असतो. घेण्यासाठी तो कधीच लागत नाही.

मग ओळखायचं कसं? सगळ्यात सोपी परीक्षा व्हिडिओ कॉलची. "काका, दोन मिनिटं व्हिडिओ कॉलवर खोली दाखवता का? आणि गेटपासून रस्ताही दाखवा." जो खरंच त्या घरात आहे, तो आत्ता नाही तर संध्याकाळी दाखवेल. जो नाही, त्याच्याकडे नेटवर्कपासून लग्नापर्यंत सगळी कारणं असतील. आधी काढलेला व्हिडिओ पाठवला तर त्याला अर्थ नाही, तो कुणाचाही असू शकतो.

फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघायचे. तेच घर तीन वेगळ्या नावांनी आणि तीन गावांत दिसलं तर विषय संपला. फेसबुक पेजच्या 'पेज ट्रान्सपरन्सी'मध्ये ते पेज कधी तयार झालं आणि आधी त्याचं नाव काय होतं, हे दिसतं. गेल्या महिन्यात सुरू झालेलं पेज 'वीस वर्षांची परंपरा' सांगत असेल तर पुढे जायला नको. यूपीआयने पैसे पाठवताना खातेदाराचं बँकेतलं नाव दिसतं, ते बोलणाऱ्या माणसाशी जुळतंय का बघायचं. जुळत नसेल तर थेट विचारायचं. मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर खातं असणं घरगुती व्यवसायात नेहमीचं आहे, पण तसं असेल तर मालक अडखळत नाही.

आणखी एक गावठी, पण हमखास उपाय. त्याच गावातल्या दुसऱ्या एखाद्या होमस्टेला किंवा खानावळीला फोन लावायचा. "अमुक यांचं घर तिथे आहे का हो?" एवढंच विचारायचं. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात, उत्तर लगेच मिळतं.

सरकारी नोंदणीही विचारता येते. गोव्यात पर्यटकांना भाड्याने दिलेल्या घराची पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, त्यासाठी १९८२ चा कायदा आहे. महाराष्ट्रात 'निवास व न्याहारी' योजनेखाली घरं नोंदवली जातात. नोंदणी क्रमांक असेल तर मालक तो आनंदाने सांगतात.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसायचं नाही. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकायची आणि बँकेला कळवायचं. व्यवहाराचा यूटीआर नंबर, चॅट आणि पेजचे स्क्रीनशॉट जवळ ठेवायचे. पैसे पुढच्या खात्यात वळवले जाण्याआधी तक्रार पोचली तर ते गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणून इथे तासांना किंमत आहे.

घर खरं आहे, पण आपल्यासाठी योग्य आहे का?

फसवणुकीपेक्षा जास्त वेळा होतो तो अपेक्षाभंग. त्यात कुणी खोटं बोललेलं नसतं, फक्त कुणी नीट विचारलेलं नसतं.

'बीचपासून पाच मिनिटं' म्हणजे चालत की गाडीने? एअरबीएनबीवर बुकिंग होईपर्यंत बहुतेक घरांचा नेमका पत्ता दिसत नाही, नकाशावर फक्त अंदाजे जागा दिसते. म्हणून अंतर मीटरमध्ये विचारलेलं बरं. सोबत आजी-आजोबा असतील तर पायऱ्या किती, खोली तळमजल्यावर आहे का आणि कमोड आहे की भारतीय पद्धतीचं शौचालय, हे विचारायला संकोच नको. गाडी दारापर्यंत जाते का? कोकणातल्या पाखाड्या फोटोत सुंदर दिसतात, पण बॅगा घेऊन उतरताना त्यांचा हिशेब वेगळा असतो. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर काय चालतं? पंखा चालतो, एसी बहुधा नाही. गरम पाणी सोलरचं असेल तर पावसाळ्यात काय करतात? मोबाइलला कोणत्या कंपनीची रेंज येते? घरून काम करायचं ठरवून गेलेल्यांचं पहिलं भांडण इथेच होतं.

पावसाळ्याचं वेगळं बघावं लागतं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि स्कूबा डायव्हिंग त्या दिवसांत बंद असतं. जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. 'रोज ताजी सुरमई' डोळ्यांसमोर ठेवून जुलैत गेलात तर मालकांचा काही दोष नसतो.

रिव्ह्यू वाचताना नुसते तारे बघू नका. शेवटच्या पाच-सहा महिन्यांतले वाचा आणि तीन तारेवाले आधी वाचा. पाच तारेवाले 'मस्त जागा' एवढंच लिहितात आणि एक तारेवाल्यांचं बऱ्याचदा वैयक्तिक भांडण झालेलं असतं. तीन तारेवाला माणूस मात्र 'जेवण उत्तम, पण शेजारी बांधकाम चालू' असं उपयोगाचं सांगून जातो. एकच तक्रार तीन वेगवेगळ्या लोकांनी केली असेल तर ती खरी धरायची. पाहुण्यांनी स्वतः काढलेले फोटो मालकाच्या फोटोंशी ताडून बघायचे. एअरबीएनबीवर 'सुपरहोस्ट' लिहिलेलं असेल तर त्या मालकाचं सरासरी रेटिंग किमान ४.८ आहे आणि त्याच्याकडून बुकिंग क्वचितच रद्द होतं, एवढा अर्थ घ्यायचा. नव्या घराला रिव्ह्यू नसतात, तो काही गुन्हा नाही. तिथे प्रश्न जास्त विचारायचे, इतकंच.

भाड्याचा आकडाही नीट बघावा लागतो. ॲपवर क्लीनिंग फी आणि सर्व्हिस फी धरून शेवटी काय होतं ते महत्त्वाचं. एका रात्रीसाठी क्लीनिंग फी फार वाटते, तीच तीन रात्रींत विभागली की परवडते. लोणावळा-अलिबागच्या व्हिलांमध्ये सिक्युरिटी डिपॉझिट मागतात. ते कधी आणि कशातून कापतात, हे आधी लिहून घ्या. जास्तीच्या माणसाचे आणि गादीचे पैसे वेगळे असतील तर तेही. कॅन्सलेशनची अट प्रत्येक घराची वेगळी असते. एअरबीएनबीवर 'फ्लेक्सिबल' असेल तर एक दिवस आधीपर्यंत आणि 'मॉडरेट' असेल तर पाच दिवस आधीपर्यंत पूर्ण पैसे परत मिळतात. कडक अटींत तसं नाही.

ओळखपत्र आणि जोडप्यांचा प्रश्न

ओळखपत्र मागणं चुकीचं नाही, कोण उतरलंय याची नोंद मालकाला ठेवावी लागते. पण आधारची पूर्ण प्रत व्हॉट्सॲपवर पाठवायची गरज नसते. आधारच्या वेबसाइटवरून 'मास्क्ड आधार' डाउनलोड होतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्स दिलीच तर तिच्यावर तारीख आणि कारण लिहून द्या. परदेशातून आलेले, परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक सोबत असतील तर मालकाला २४ तासांत त्यांची ऑनलाइन नोंद करावी लागते, म्हणून ते आधीच सांगा.

लग्न न झालेल्या दोन सज्ञान व्यक्तींनी एका खोलीत राहण्यावर कायद्याने बंदी नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट म्हटलं आहे. तरीही 'फक्त फॅमिलीसाठी' अशी अट अनेक घरं घालतात. रात्री नऊला गेटवर वाद घालण्यापेक्षा बुकिंगच्या आधी लेखी विचारलेलं केव्हाही चांगलं. शहरात फ्लॅट असेल तर सोसायटीला पाहुणे चालतात का, वॉचमनला नाव सांगून ठेवलंय का, हेही विचारा. "विचारलं तर नातेवाईक आहे म्हणा" असं मालक सुचवत असेल तर ते घर सोडून द्या.

पोचल्यावर पहिली दहा मिनिटं

बॅगा उघडण्याआधी सगळ्या खोल्यांचा एक व्हिडिओ काढा. फुटलेली काच, बंद गिझर, भिंतीवरचा डाग, सगळं त्यात येऊ दे. निघताना डिपॉझिटवरून बोलणं झालं तर तो कामी येतो. दाराच्या कड्या आतून लागतात का बघा. काही बंद असेल तर आधी मालकाला सांगा. बहुतेक गोष्टी तासाभरात सुटतात. ॲपचं बुकिंग असेल तर तोंडी सांगून झाल्यावर ॲपमध्येही लिहा.

लपवलेल्या कॅमेऱ्याची भीती अनेकांना असते, विशेषतः मुलींच्या ग्रुपला. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरा लावायला जगभर बंदी घातली आहे, तो चालू असो की बंद. बाहेरच्या अंगणात किंवा गेटवर असला तर तशी माहिती आधी द्यावी लागते. खोलीत पलंगाकडे किंवा बाथरूमकडे तोंड करून असलेलं घड्याळ, चार्जर, स्मोक डिटेक्टर यांच्याकडे एकदा बघा. दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च फिरवला तर लेन्स चमकते. तसं काही सापडलं तर हात न लावता फोटो काढा, बाहेर पडा आणि ११२ ला फोन करा. बाईचं खासगी क्षणी चोरून चित्रण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. कुणाचंही असं चित्रण असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई लागू होतं.

मालकांच्या बाजूनेही बघा

सहा जणांचं बुकिंग आणि आले नऊ, ही मालकांची सगळ्यात मोठी तक्रार असते. पाणी बोअरचं, गाद्या मोजक्या आणि मासे सकाळीच माणशी मोजून आणलेले असतात. त्यामुळे जेवणाचं आदल्या रात्रीच सांगावं लागतं. दुपारी साडेतीनला येऊन "काकू, थाळी मिळेल ना?" असं विचारलं तर काकू नाही म्हणणार नाहीत, पण त्यांची दुपार गेलेली असते. दारू, मांसाहार आणि रात्री गाणी चालतात का, हे आधीच विचारा. अनेक घरांत देवघर पलीकडच्याच खोलीत असतं. एअरबीएनबीवर तर गोंगाटाच्या पार्ट्यांना २०२२ पासून कायमची बंदी आहे.

परत आल्यावर रिव्ह्यू लिहा. एअरबीएनबीवर त्यासाठी १४ दिवस मिळतात. दोघांचे रिव्ह्यू आल्यावर किंवा १४ दिवस संपल्यावरच ते दिसतात, त्यामुळे मालक काय म्हणतील म्हणून गोड लिहायची गरज नाही. घर ॲपवर नसेल तर गुगल मॅप्सवर लिहा. खोली कितव्या मजल्यावर होती, समुद्र चालत किती मिनिटांवर होता, रेंज कुणाची आली आणि शेवटी बिल किती झालं, एवढं लिहिलंत तरी पुढच्या माणसाला मालकांना चार फोन कमी करावे लागतील.